बबनरावाच्या बसची पाटी

शैलाआक्का गेली हे मला गुंजीत कळलं. स्टेशनच्या मागच्या एका जमिनीची मोजणी चालली होती, टेपचं एक टोक धरून मी बांधावर उभा होतो आणि खिशात फोन सारखा थरथरत होता. आमच्या ग्रुपवर सकाळी एवढी गडबड कधी नसते म्हणून बघितलं. मेसेज तिच्याच नंबरवरून होता. 'मी शैलाचा भाऊ मिलिंद. शैला आज पहाटे गेली. दुपारी बारा वाजता निपाणीत अंत्यविधी.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी घड्याळ बघितलं, साडेदहा वाजून गेले होते. गुंजीहून खानापूर, बेळगाव, मग हायवेनं निपाणी... बारापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, पोचता येणार नाही हे लक्षात आल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं. आज सहा आठवडे झाले. त्या सुटल्यासारखं वाटण्यामागं काय होतं, ते सांगितल्याशिवाय तिच्याविषयी काही लिहिणं म्हणजे पुन्हा खोटं बोलणं होईल.

हा ग्रुप कसला, ते सांगितलं तर काहींना हसू येईल. 'सव्वासात नंबर' नावाची एक विनोदी कार्टून मालिका आहे, गेली पंधराएक वर्षं चाललेली. मूळ हिंदी. सव्वासात नंबरच्या घरात राहणारा एक कारकून, त्याची तापट बायको, त्याची म्हातारी आई आणि पहिल्या भागापासून आजवर पाचवीतच असलेली गुड्डी नावाची मुलगी. हिंदीतला बब्बन मराठीत बबनराव होतो आणि कन्नडमध्ये बसण्णा. आमच्या भागात टीव्हीवर तिन्ही लागतात, त्यामुळं एकाच घरात आजी त्याला बसण्णा म्हणते आणि नातू बबनराव. इतकी वर्षं चाललेल्या मालिकेत लिहिणारे बदलतात, चित्रं काढणारे बदलतात, आणि मागचं पुढं विसरतात. बबनरावाच्या आईचं वर्षश्राद्ध एका भागात झालं; पुढं कधीतरी ती लग्नाच्या पंगतीत निवांत जिलेबी खाताना दिसली. घरातला जिना कधी डावीकडं, कधी उजवीकडं. अशा चुका हुडकायच्या, भाग आणि मिनिट लिहून ग्रुपवर टाकायच्या आणि मग त्यावर दोन-दोन दिवस भांडायचं, हा आमचा उद्योग. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथले अडीचएकशे लोक. शिक्षक, कंडक्टर, बँकेतले, कॉलेजची मुलं, दोघी-तिघी गृहिणी.

मी या भांडणांत मालिकेचा वकील होतो. चूक दिसली की तिला कारण शोधून द्यायचं, यात मला फार गोडी. धंद्यानं मी नकाशे काढणारा, बेळगुंदीचा, बेळगावात एका मोजणीच्या ऑफिसात नोकरीला. एकदा बबनरावाच्या बैठकीतली खिडकी उत्तरेची दक्षिणेला गेली. मी अख्ख्या घराचा नकाशा काढला आणि त्या खोलीला दोन खिडक्या आहेत हे सिद्ध करून दाखवलं. ग्रुपवर वाहवा झाली. मग एका अनोळखी नंबरवरून एकच ओळ आली : 'खिडक्या दोन असतील, पण बाहेर चिंच एकच हाय, आणि ती दोन्ही खिडक्यांतनं दिसत्या.' मी नकाशा पुन्हा बघितला. अर्धा तास बघितला. चिंचेला काही उत्तर नव्हतं.

ती ओळ शैला कांबळेची. निपाणीत एका खासगी दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी आक्का म्हणायला लागलो. ती सातवीत असताना वडील गेले होते. आईनं विड्या वळून तिला आणि धाकट्या मिलिंदला शिकवलं. तिनं लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. कामानिमित्त निपाणीला गेलो की बसस्टँडसमोर आमचा चहा व्हायचा. दिवसभर माणसांची हाडं बघणाऱ्या बाईची नजर... हॉटेलात पाऊल टाकल्या टाकल्या ती सांगायची की भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे. पण कुणाची चूक दाखवताना तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नसायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "आक्का, तुला मालिका आवडत न्हाय काय? सारखी खोट काढत्यास."

"आवडत्या म्हणून तर येवढी बघते," ती म्हणाली. "चूक झाली तर झाली म्हणावं. त्यात मरण्यासारखं काय हाय? तू मातूर लगीच दुसरी खिडकी बसवतोस."

अशाच एका चहाच्या वेळी तिला घरून फोन आला. "व्हय अव्वा. येते अव्वा. गोळी घेतलीस?" असं बोलून तिनं फोन ठेवला आणि मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. तिनंच सांगितलं मग. आई चिकोडीच्या पलीकडच्या खेड्यातली, कन्नड बोलणारी. वडील मराठी. घरात दोन्हीची मिसळ. "शाळेत एकदा वर्गात तोंडातनं 'अव्वा' गेलं. महिनाभर पोरी मला अव्वा अव्वा करून चिडवत हुत्या. तवापासनं बाहेर आई आणि घरात अव्वा." ती हसली. कपातला उरलेला चहा गोल फिरवत राहिली, मग म्हणाली, "हे कुणाला सांगू नको रं संजू. त्यात वाईट काय न्हाय. पण माझं हाय ते."

मी म्हणालो, छे छे, कुणाला सांगतोय.

गेल्या वर्षी ग्रुपवर बबनरावाच्या गावाचा वाद निघाला. एका जुन्या भागात तो आईला घेऊन गावाकडं निघतो. मराठीत त्या बसच्या पाटीवर कोकणातल्या एका गावाचं नाव आहे आणि कन्नडमध्ये धारवाडकडच्या. कुणीतरी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी टाकली आणि खाली लिहिलं, 'मग खरं गाव कुठलं?' दुसऱ्या गावात हा विनोद झाला असता. आमच्याकडं, सीमाभागात, पाटी आणि पाटीवरची अक्षरं हा विनोदाचा विषय नाही. दोन दिवसांत ग्रुपात साठ-सत्तर नवी माणसं आली. बबनरावाच्या बायकोचं नाव त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं, पण बबनराव आपला आहे एवढं पक्कं ठाऊक होतं... दोन्हीकडच्यांना. मी मराठी बाजूनं उतरलो. बसच्या प्रवासाचे तास, खिडकीतून दिसणारे माड, आईच्या हातातली फणसाची पिशवी, सगळं मोजून मी नकाशासकट लांबलचक लेख टाकला. त्यावर इतकी शाबासकी मिळाली की मी दोन रात्री नीट झोपलो नाही.

तिसऱ्या दिवशी आक्काचा मेसेज आला. तिच्याकडं मूळ हिंदी भागाचं जुनं रेकॉर्डिंग होतं. 'मूळ चित्रात बसवर पाटी हाय, पाटीवर अक्षर न्हाय. कोरी हाय. नाव नंतर दोघांनी आपापलं घातलंय. बबनरावाचं गाव आपल्याला ठावं न्हाय, येवढंच खरं.'

दोन्हीकडची माणसं तिच्यावर तुटून पडली. एकानं लिहिलं रेकॉर्डिंग बनावट आहे, दुसऱ्यानं लिहिलं बाईला पैसे मिळाले असतील. माझा नकाशा, माझे माड, माझी शाबासकी, सगळं तिच्या चार ओळींनी पुसून टाकलं होतं, आणि तेही ती बरोबर होती म्हणून. मला तो राग आवरला नाही. मी लिहिलं : 'आक्काच्या घरात आईला अव्वा म्हणतात. तिला मराठी पाटी कोरी दिसणारच.'

पंधरा मिनिटांनी मी ते काढून टाकलं. पंधरा मिनिटं फार झाली. तोवर त्याचे फोटो निघून दहा ठिकाणी गेले होते.

तिचा नंबर ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसत होता. फोन सुरू झाले. काही जण 'अव्वाकडं जाऊन बस' म्हणून शिव्या द्यायचे, तर दुसरे 'आईची भाषा कन्नड असून बसण्णाचं गाव आमचं म्हणायला लाज वाटते का' म्हणून. कुणीतरी दवाखान्याचा नंबर काढला. तिथं दिवसातून पंधरा-वीस फोन यायला लागले तसं तिथल्या डॉक्टरांनी तिला आठ दिवस रजेवर जायला सांगितलं. हे सगळं मला ग्रुपवरच्या दुसऱ्या एका बाईकडून कळत होतं. मी आक्काला एवढंच लिहिलं, 'सॉरी आक्का, घाईत गेलं.' तिचं उत्तर लगेच आलं. 'रविवारी मेळाव्याला येते. क्लिप पेन ड्राइव्हवर आणते. प्रोजेक्टर तू लाव.'

आमचे मेळावे म्हणजे वर्षातून एकदा बेळगावात कुणाच्या तरी क्लासच्या खोलीत पंचवीसेक माणसं, वडापाव आणि भांडणं. त्या रविवारी सकाळी अकरा वाजता खोलीत बसायला जागा नव्हती. मागच्या दाराशी दोन घोळके उभे होते, एकमेकांकडं न बघता. त्यांतला एकही चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. क्लासचा मालक येऊन दोनदा सांगून गेला, "काय झालं तर मी पोलीस बोलावणार बघा." आक्का निपाणीहून एकटीच आली. निळी साडी, खांद्याला कामावरची पर्स. तिनं पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि समोर जाऊन उभी राहिली. तिला नमस्कारही कुणी केला नाही.

"दोन मिनिटांची क्लिप हाय," ती म्हणाली. "आधी बघा, मग बोला."

मागून एकजण ओरडला, "बाई, आधी हे सांगा, तुमी घरात काय बोलता?"

"अव्वाला कळतं ते बोलते."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. दुसऱ्या घोळक्यातला एक तरुण कन्नडमध्ये म्हणाला, मग तुमच्या अव्वालाच विचारा की गाव कुठलं. पहिल्या घोळक्यातला त्याच्या अंगावर धावला, मधे चार जण पडले, एक खुर्ची उलटली. आक्का जागची हलली नाही. ती माझ्याकडं वळली. "संजू, लाव."

पेन ड्राइव्ह मी लॅपटॉपला लावला होता. प्रोजेक्टरची वायर माझ्या हातात होती, नुसती खोचायची होती. मी दाराकडं बघितलं. तिथल्या घोळक्यातला एकजण माझ्याकडंच बघत होता आणि त्याच्या हातात फोन होता, शूटिंग चालू असलेला. माझ्या डोक्यात काय काय आलं ते मला आजही क्रमानं आठवतं. हा व्हिडिओ गावात जाईल. ऑफिसात जाईल. माझ्या पोरीच्या शाळेत जाईल. मला दवाखान्यातले ते फोन आठवले.

"वायर गेलीय आक्का," मी म्हणालो.

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं. वायर कुठं तुटली आहे, कुठं नाही, हे तिला इतक्या लांबूनही कळत होतं. खडू घेऊन फळ्यावर तिनं बस काढली, चाकं काढली, वर पाटी काढली आणि पाटीत काहीच लिहिलं नाही. "अशी हाय," म्हणाली. एकजण पुढं आला आणि तळहातानं फळा पुसून टाकला. आक्कानं खडू जागेवर ठेवला, हात झटकले, माझ्यासमोरून पेन ड्राइव्ह न घेता निघून गेली. तिच्यामागं स्टँडपर्यंत जायला हवं होतं. मी वायर गुंडाळत बसलो. चांगली वायर होती, ती नीट गुंडाळायला वेळ लागला.

त्यानंतर आम्ही सात महिने बोललो नाही. पण तिनं ग्रुप सोडला नाही. नवी माणसं जशी आली तशी दुसरीकडं भांडायला निघून गेली, आणि आक्का पुन्हा चुका लिहायला लागली. भाग, मिनिट, चूक. सुरुवातीला कुणी उत्तरच द्यायचं नाही. ती तरी लिहायचीच. गुड्डीच्या दप्तराचा बंद, घड्याळाचा काटा, शेजारणीचा चष्मा. मी प्रत्येक ओळ वाचायचो आणि काही न लिहिता फोन ठेवायचो.

मग एका गुरुवारी दुपारी तिचा थेट मेसेज आला. 'बेळगावात हाय. कँटीनचा चहा बरा हाय. येतोस?' आणि एका दवाखान्याचा पत्ता. तो पत्ता माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. तिथं गेल्यावर कळलं की किडन्या जवळजवळ गेल्यात आणि चार महिने ती आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तिथं येतेय. हाताला पट्टी होती, चेहरा सुजलेला. माझ्यासाठी चहा मागवला, स्वतःसाठी नाही. पाणी मोजून प्यायचं होतं तिला. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "परवाचा भाग बघितलास? बबनरावाच्या आईला परत मारलं. तिसऱ्यांदा."

आम्ही हसलो. पाऊण तास आम्ही त्या म्हातारीच्या तीन मरणांवर वाद घातला, अगदी पूर्वीसारखा. मी म्हणत होतो दोन स्वप्नातली आहेत, ती म्हणत होती स्वप्नात तेराव्याचं जेवण होत नसतं. मला माझं बोलायचं होतं. तोंडाशी यायचं आणि मागं जायचं. तिला ते दिसलं असावं. मिलिंद तिला न्यायला दाराशी आला तेव्हा ती पर्स उचलता उचलता सहज म्हणाली, "संजू, ती वायर बदललीस काय रं?"

कबुलीचं दार तिनंच उघडून धरलं होतं. मी फक्त आत जायचं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "नवी घेतली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मिलिंदचा हात धरून गेली. ती शेवटची भेट. पुढं अठरा दिवसांनी गुंजीत माझा फोन थरथरला.

ती गेल्यावर ग्रुपवर सगळे तिच्याविषयी चांगलं लिहीत होते. 'निर्भीड', 'अभ्यासू', 'आपल्या ग्रुपची शान'. मेळाव्यात खुर्चीवर बसून फिदीफिदी हसलेल्यानं सगळ्यांत लांब लिहिलं होतं. पाचव्या दिवशी मला ते वाचवेना. टेबलाच्या खणातून पेन ड्राइव्ह काढला, क्लिप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं की अव्वाची गोष्ट तिनं मला विश्वासानं सांगितली होती आणि मी ती वाद जिंकायला वापरली. की रविवारी वायर चांगली होती. की दवाखान्यात तिनं विचारल्यावरही मी खोटं बोललो. नाव, गाव, सगळं लिहिलं. मग फोन समोर ठेवून बसलो.

जे व्हायचं ते झालं. शिव्या आल्या, दोन्ही भाषांत. दोन दिवस ऑफिसात फोन आले, साहेबांनी बोलावून घेतलं आणि मी त्यांना सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "आता तरी काढून टाका की ते." मी काढलं नाही. तिसऱ्या दिवशी खानापूरकडच्या एका माणसानं, ज्याच्याशी मी तीन वर्षं फक्त भांडलो होतो, क्लिपखाली लिहिलं : 'बघितली. पाटी कोरीच आहे.' त्याच्याखाली एका कन्नड शिक्षिकेनं तेच लिहिलं, कन्नडमध्ये. मग आणखी काहींनी. बाकीचे गप्प राहिले.

त्यानंतरच्या शनिवारी मी निपाणीला गेलो. तिच्या घरी मी कधीच गेलो नव्हतो. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि नवा, हार घातलेला आक्काचा. आई खाली भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर विड्यांचं सूप नव्हतं, तरी बोटं विडी वळल्यासारखी हलत होती. मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, मधे मधे मिलिंद कन्नडमध्ये सांगत होता. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही.

"मग हितं कशाला आलास?" ती शेवटी म्हणाली. "तिला सांगायचं हुतंस."

मी उठायला लागलो तसं मिलिंद म्हणाला, च्या होतोय, बसा. सात वाजले. म्हातारीनं उशाखालून रिमोट काढला आणि टीव्ही लावला. 'सव्वासात नंबर' सुरू झालं, पण आवाज नाही. मला वाटलं बिघडलाय. मिलिंद हळूच म्हणाला, "आवाज बंदच असतो. टीव्हीवरचं पुस्तकी मराठी तिला कळत न्हाय, आणि पुस्तकी कन्नड बी न्हाय. आक्का शेजारी बसून सगळ्यांचं बोलायची. बबनरावाचं, बायकोचं, गुड्डीचं. निम्मं हिकडचं, निम्मं तिकडचं. आता मी आवाज लावला की ही उठून जात्या. आणि मला तसं बोलायला जमत न्हाय."

पडद्यावर बबनराव हात उडवून बायकोशी तावातावानं काहीतरी बोलत होता. ओठ हलत होते. म्हातारी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "एन अंदा?" मग माझ्यासाठी परत, "काय म्हणला त्यो?"

मला तो भाग माहीत होता. मी म्हणालो, "म्हणतोय, माझी चप्पल कुणी घातली?"

"असं नव्हं. आमची शैली त्याचा आवाज जाड काढायची."

मी घसा खाकरला आणि आवाज जाड काढला. मिलिंदनं चहाचा कप माझ्याजवळ ठेवला आणि दाराशी उभा राहिला. बायकोचं बोलणं आलं, तिचंही मी केलं. एक शब्द अडला, तो म्हातारीनंच कन्नडमध्ये पुरवला. ती हसली नाही. पाय थोडे लांब केले आणि भिंतीला नीट टेकून बसली.

"हं," ती म्हणाली. "पुढं?"